मामांचा तुकडा पुण्यात असतो

एखाद्या माणसाबद्दल लिहावं एवढी माझी तयारी नाही, हे आधीच सांगतो आणि वाचणाऱ्यांची माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पण आमच्या मळवलीच्या मामांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही. स्वतःच्या डोक्यातल्या गाठीवर त्यांच्याइतकी माया करणारा माणूस अख्ख्या मावळात सापडणार नाही.

मामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. मळवलीत ते मुंबईच्या लोकांचा एक बंगला सांभाळतात आणि पावसाळ्यात आपली भातखाचरं. काही वर्षांपूर्वी त्यांचे हातपाय वाढायला लागले. अंगठी कापून काढावी लागली, चपला पुरेनात. मामी म्हणायची, "पोरं वाढायची थांबली, आता ह्ये वाढत्यात." पुण्याच्या दवाखान्यात कळलं, की मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची अंगाची वाढ ठरवणारी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिथं गाठ झाली आहे. डॉक्टरांनी ती नाकातून काढली. मामांना त्या वाटेचंच जास्त कौतुक. बंगल्यावर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते मान मागं टाकून नाकपुडी दाखवत. "हितनं काढली. डोस्क्याला एक टाका न्हाई!" पाहुणे हातातला चहा खाली ठेवत.

त्या गाठीचा एक तुकडा मामांनी पुण्यातल्याच एका प्रयोगशाळेला संशोधनासाठी दिला. अशी गाठ काहींना परत येते, काहींना येत नाही; कुणाला येणार हे तिच्यातल्या प्रथिनांवरून आधीच ओळखता येईल का, ते तिथं शोधत होते. तेव्हापासून मामा घरातलं एखादं पोर पुण्यात शिकायला असल्यासारखं बोलू लागले. मला फोन केला की आधी त्याची चौकशी. "भाचेबुवा, आपला तुकडा काय म्हनतोय? तितंच ऱ्हातोस, जाऊन बघत जा की."

मी हसायचो, पण त्यामागं काय आहे ते दिसत होतं. गोठ्याच्या भिंतीवर त्यांनी तांदळाच्या पिठात बुडवून आपला पंजा उमटवला होता. रोज सकाळी त्यावर हात ठेवून बघायचे. चपला शिवून शिवून वापरायचे, नव्या घेत नव्हते. "परत पाय वाढलं तर? आधी काय त्ये कळू दे."

भात झोडपून झालं की आमच्याकडं नवा तांदूळ सासरी दिलेल्या लेकीला पोचवतात. गेल्या वर्षी मामा इंद्रायणीची पिशवी खांद्यावर टाकून, मला बरोबर घेऊन, थेट प्रयोगशाळेकडं निघाले. मामी ओट्यावरून ओरडली, "लेकीकडं जायला येळ न्हाई, आन् गाठीला तांदूळ!"

तिथल्या संशोधक मॅडम आधी गोंधळल्या. मग पिशवी घेतली आणि म्हणाल्या, "काका, नमुने बर्फापेक्षाही थंड कपाटात असतात, दाखवता येत नाहीत. त्यांच्यावर नावं नसतात, नुसते क्रमांक."

मामांचा चेहरा उतरला. "नाव बी न्हाई? मग हाक कशी मारता?"

मग आवाज खाली आणून म्हणाले, "परत येनार का न्हाई, येवढंच सांगा."

"ज्यांची परत आली, त्यांच्यात काही प्रथिनं वेगळी दिसतायत. पण एका माणसाला खात्रीनं सांगावं एवढं अजून हाती नाही."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मी जीवशास्त्र शिकतो, मला काही बोलता यायला हवं होतं. "मामा, निकाल राखून ठेवलाय," एवढंच सुचलं.

त्यांना ते पटलं. निघताना मॅडमना म्हणाले, "कुटं कमी पडत असंल तर सांभाळून घ्या आमच्या तुकड्याला. आमच्या घरात अभ्यासाची सवय न्हाई कुनाला."

काल मामांचा फोन आला. वर्षाच्या तपासणीत जुन्या जागी पुन्हा बारीकशी गाठ दिसली आहे. परत नाकातूनच काढणार आहेत. मी तारीख विचारून वहीच्या मागं लिहून घेत होतो. मग म्हणाले, "आयकतोस ना? त्या मॅडमला सांगून ठेव. ह्यातला बी तुकडा देनार हाय मी. पयला लय दिस झालं एकटाच हाय तितं."