वेणूबाईला न दिसणारा प्रफुल्ल

शेजारच्या वेणूबाईचा प्रफुल्ल मागच्या पोळ्यानंतर शेतातल्या मोटारीचा करंट लागून गेला. तेव्हापासून तो नाल्याजवळच्या बाभळीखाली दिसतो म्हणतात. लोक भीतीने ती वाट टाळतात. वेणूबाई मात्र ज्याला तो दिसला त्याचं घर गाठते अन् विचारते, "सदरा कोणता होता गा अंगात? पोरगा वाळला होता काय?" रोज दिवेलागणीला ती स्वतः तिथे जाऊन बसते. तिला कधीच दिसला नाही.

काल गावाने मांत्रिक आणून बाभळीत खिळा ठोकला, भूत बांधून टाकलं. आज सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते, तर ती पक्कड मागायला आली.

"वेणू, लोक मारतील वं तुले."

"मारू दे. साऱ्या गावाले दिसला, मायलेच काऊन नाई? एक डाव दिसू दे, मंग ठोकजा खिळे."

देवाचं नाव घेऊन मी पक्कड दिली.

संध्याकाळी देवाजवळ दिवा लावून मीही नाल्यावर गेले. उपटलेला खिळा तिच्या पदरात होता, समोर वरणभाताचं ताट वाढलेलं.

"तुले तरी दिसते काय वं?"

मला खोटं बोलवेना. मी नाही म्हणून मान हलवली. भात पार निवला, तरी ती उठली नाही.