कुलूपवाल्यांचा नियम

आमच्या ऑफिसचा ईमेल सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे 'कुलूपवाले' म्हणत. पासवर्ड पाच वेळा चुकला की खातं आपोआप बंद, हा नियम त्यांचा. त्यापायी बारा वर्षं त्यांनी आमच्या शिव्या खाल्ल्या. मोठ्या साहेबांचा पासवर्ड तर रोज चुकायचा. शेवटी साहेबांनी लेखी हुकूमच काढला, माझ्या खात्याला हा नियम नको. कुलूपवाले तावातावाने भांडले, पण सत्तेपुढे शहाणपण चालत नाही.

मंगळवारी सकाळी बाहेरून कुणीतरी प्रत्येक खात्यावर चुकीच्या पासवर्डांचा मारा सुरू केला. कुलूपवाल्यांनी हल्ला लगेच ओळखला. आमची खाती पाच चुकांनंतर बंद झाली आणि वाचली. साहेबांचं मात्र उघडंच राहिलं, त्यामुळे मारा अडवेपर्यंत ते फुटलं. त्यांच्या नावाने हजारो खोटी पत्रं गेली.

आणि मग चोर सोडून संन्याशाला फाशी. साहेब सगळ्यांदेखत कुलूपवाल्यांवर खेकसले, "माझं खातं बंद का झालं नाही? झोपा काढत होतात का?"

कुलूपवाल्यांनी तो हुकूम टेबलावर आपटला.

"खाली सही कुणाची आहे, वाचा. की तीही मीच केली, झोपेत?"