हुंकार कोण देणार?

"हे दादा वारली आहेत. यांना मेलेला भाऊ अजून हाका मारतो. यांच्या संस्कृतीत असं असतं, कुणी हसायचं नाही."

डॉक्टर बाईंनी हे माईकवर सांगितलं. हसायचं नाही म्हटल्यावर सगळे हसले.

मालवण बंदराजवळचं सभागृह. खलाशांच्या मनाच्या त्रासासाठी शिबिर होतं. मी पुढच्या खुर्चीत, मान खाली. ही गोष्ट मी बाईंना आदल्या आठवड्यात दार लावून सांगितली होती.

मी जव्हारकडचा. आश्रमशाळा सहावीत सोडली आणि मोठ्या भावाच्या मागून इकडं बोटीवर आलो. पावसाळ्यानंतर भाऊ जाळं ओढताना पाण्यात गेला. सापडला, पण घर लांब. इथंच जाळला. त्याचा दिवस राहिला. आमच्यात मेलेल्याचा दिवस घालतात. जाणता माणूस थाळीवर मेणात काडी उभी करतो, तिच्यावरून बोटं ओढतो. आवाज घुमतो. तो गाण्यातून मेलेल्याला नावानं बोलावतो, वाट सांगतो, घरचे हुंकार देतात. तोवर मेलेला अर्ध्या वाटेत अडकलेला.

तेव्हापासून जाळं वर येताना मला भावाची हाक ऐकू यायची. हात सुटायचे. झोप गेली. बाईंनी गोळ्या दिल्या. झोप आली. ते उपकार मी नाकारत नाही. पण गोड बोलणारं माणूस आपल्याकडून काय नेणार, हे मी आधी बघतो. बाईंच्या बाबतीत बघायचं राहिलं. झोपेच्या बदल्यात सगळं बोलून बसलो.

त्यांच्या मागं कापडी फलक होता. त्यावर आमची चित्रं, पांढरी माणसं तारपा वाजवणाऱ्याभोवती नाचताना. तो कापणीनंतरचा नाच. त्याच्याखाली मला बसवून माझ्या मेलेल्या भावाबद्दल बोलत होते.

बाई म्हणाल्या, "दादा, ते मृत्यूचं गाणं म्हणून दाखवता? तुमच्याच परंपरेतून तुम्हाला बरं करायचंय." एका मुलीनं मोबाईल माझ्यासमोर धरला.

मागून आमची बोट चालवणारा तांडेल ओरडला, "गा रे गा. तुजां भूत काय सांगता तां आमकांव कळांदे."

पुन्हा हसू.

मी उठलो. गाणार असंच सगळ्यांना वाटलं. मलाही क्षणभर वाटलं, गाऊन टाकू, बाईंचं मन राहील.

मी विचारलं, "हुंकार कोण देणार?"

"आम्ही देऊ ना. सगळे मिळून."

"हुंकार देणारा मेलेल्याचा घरचा होतो. सुतक धरावं लागतं. भावाची दोन पोरं गावाला आहेत, त्यांना उद्यापासून तुम्ही बघायचं. कोण कोण देतंय?"

तांडेल मोबाईलमध्ये बघू लागला.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, मी तुमच्या भल्यासाठीच..."

"माहीत आहे. म्हणूनच दार लावून सांगितलं होतं. तो मोबाईल बंद करा."

मुलीनं बाईंकडं बघितलं. मग बंद केला.

बाहेर तांडेलाकडं गावी जायला रजा मागितली. म्हणाला, "मासळी लागली हा. आता गेलंस तर परत बोटीर येव नुको."

"नाही येत," म्हटलं.

आज पिशवी भरली आहे. गोळ्याही बरोबर घेतल्यात, बंद करणार नाही. त्यांच्याशी माझं वैर नाही. बाईंना निरोप दिलाय: आमच्या माणसांना बरं करायचं असेल तर आमचा जाणता माणूस शेजारी बसवा, आणि खोलीतलं खोलीत ठेवा. ऐकतील असं वाटत नाही. बोटीवरच्या आमच्या पोरांना मात्र सांगून ठेवलंय, झोप घ्या, अगदी हात जोडून घ्या, पण मेलेलं माणूस कुणाच्या हवाली करू नका.

भावाचा दिवस मी घालणार. आमच्या अंगणात, आमच्या माणसांत. तिथं माईक नसेल.