सायबाला मी काय म्हणालो

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. एक-दोनदा अगदी ओठांवर आली, आणि मी चहा मागितला. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असता तर — तर पुन्हा चहाच मागितला असता.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. मी अंथुर्ण्याचा, बी.ए.ला नापास होऊन बारामती एमआयडीसीतल्या एका दुधाच्या प्लांटवर टँकर धुवायला लागलेलो. जोडीला आमच्याच गावचे बिरूतात्या, वयानं माझ्या वडिलांएवढे. त्यांच्या घरात आज्या-पणज्यापासून मेंढरं. पण पोरांच्या शाळा एका जागी व्हाव्यात म्हणून तात्यांनी ही नोकरी धरली आणि उरलीसुरली मेंढरं विकून टाकली. हे आधीच सांगून ठेवतो. नंतर सांगायला जड जाईल.

काम दोघांत वाटलेलं होतं. तात्या झाकणातून टँकरमध्ये उतरायचे आणि गरम पाण्यानं, ब्रशनं आतून घासायचे. मी बाहेरून मागचा व्हॉल्व्ह उघडायचा, रबर काढून धुवायचा. त्या वर्षी नवे साहेब आले, दक्षिणेकडचे. मराठी अजिबात नाही, हिंदी जेमतेम. त्यांनी फर्मान काढलं — परदेशी पाहुणे येणार आहेत, तेव्हा धुऊन झालं की प्रत्येकानं टँकरपुढं उभं राहून इंग्रजीत सांगायचं: आय हॅव वॉश्ड द टँकर. ज्याला इंग्रजी जमेल त्याला सुपरवायझर करू, असंही म्हणाले.

मी बारामतीतच एका निवृत्त मास्तरांकडं शिकवणी लावली. आधी कर्ता, मग हॅव नाहीतर हॅज, मग क्रियापदाचं तिसरं रूप. मास्तर म्हणायचे, काम नुकतं संपलंय, अजून त्याची ओल आहे, तेव्हा हे वाक्य. घरी जाताना मोटरसायकलवर मी मोठ्यानं घोकायचो — आय हॅव ईटन, आय हॅव गॉन, आय हॅव सीन. मागं बसलेले तात्या हसायचे. "नुस्तं हॅव हॅव करतंय, म्हशी हाकल्यागत." मग जरा वेळानं, हळूच, "मला बी शिकीव की रं एखादं." मी उद्या म्हणायचो. तो उद्या कधी आला नाही. खरं सांगू? सगळ्या प्लांटवर हे मला एकट्यालाच येतं, यात मला मजा वाटायची.

आता मुद्द्यावर येतो — म्हणजे यायलाच हवं.

एका दुपारी मला शिकवणीला उशीर होत होता. मी व्हॉल्व्ह उघडलाच नाही. वरून पाणी मारलं, फडकं फिरवलं आणि साहेबांपुढं उभा राहून खणखणीत म्हणालो, आय हॅव क्लीन्ड द व्हॉल्व्ह. साहेबांनी पाठ थोपटली. तेवढ्यात तात्या टँकरमधून वर आले. नखशिखांत भिजलेले, सदऱ्याचं टोक पिळत होते. मी अगदी शेजारी उभा होतो. सगळं पाहिलं होतं मी.

मुंबईला गेलेलं ते दूध नासलं. अख्खा टँकर परत आला. साहेबांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. व्हॉल्व्ह धुतल्याचं त्यांनी माझ्या तोंडून ऐकलेलंच होतं. त्यांनी तात्यांना विचारलं. तात्या वाक्य जुळवायला गेले — आय, आय, वॉश — आणि अडकले. मग मराठीत म्हणाले, "सायेब, आत उतरून घासलाय मी. ह्यानं बघितलंय. इचारा ह्याला."

साहेब माझ्याकडं वळले. त्यांचं तात्यांना आणि तात्यांचं त्यांना सांगायला मीच होतो ना. आतून टँकर धुतला होता म्हटलं, तर मागं उरतो काय? माझा व्हॉल्व्ह. मला भीती वाटली, दुसरं काही नाही. मी म्हणालो, "सर, आय हॅव नॉट सीन." मी पाहिलेलं नाही. वाक्य बरोबर होतं, उच्चारही चांगला जमला. आणि तात्या — तात्या हात जोडून उभे होते, माझ्या इंग्रजीला कौतुकानं मान डोलावत होते.

त्यांना त्याच संध्याकाळी काढलं.

परतताना ते नेहमीसारखे माझ्या मागं बसले. वाटेतलं लासुर्णं गाव आलं. मग त्यांनी विचारलं, "काय म्हनलास रं सायबाला?"

तिथं सांगता आलं असतं. रस्ता मोकळा होता, ऐकणारं तिसरं कुणी नव्हतं. मी म्हणालो, "सांगितलं की तात्या, तुम्ही आत उतरला होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणून. ऐकतच नाही तो माणूस."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "व्हय रं बाबा. तू तरी बोललास."

केबिनमधलं खोटं भीतीपोटी, असं म्हणता येईल. पण हे गाडीवरचं? त्यांची नोकरी खाऊन वर त्यांनी मला चांगलंही म्हणावं, असं मला वाटत होतं. याची मला अजून लाज वाटते, केबिनमधल्यापेक्षा जास्त.

मी सुपरवायझर झालो. तात्या लोकांच्या उसाला रात्रीचं पाणी धरायला जाऊ लागले. त्यांच्या थोरल्यानं, सोपाननं, नववीत शाळा सोडली आणि दुसऱ्याची मेंढरं घेऊन कोकणात जाऊ लागला. आणि तात्या गावभर माझं नाव घेत राहिले — पारावर, गिरणीत, सोयऱ्याधायऱ्यांत. लोक मला मान द्यायला लागले. मी तो घेत होतो.

पुढं तात्यांच्या पोरीचं लग्न निघालं. भर मांडवात माईकवरून माझं नाव पुकारलं. तात्यांना माईकवर बोलायची सवय नव्हती, तरी हातात घेतला आणि म्हणाले, "ह्या पोरानं माझ्यासाठी सायबाशी विंग्रजीत भांडान केलं." मांडवात टाळ्या पडल्या. सोपान फेटा घेऊन पुढं आला. तो माझ्याहून बुटका, त्याचा हात पोचेना. मी मान खाली घातली, आणि त्याला नीट बांधता यावा म्हणून तशीच धरून राहिलो.