मोजणीदारांची करंगळी

गडगा दिसला की आमचे मोजणीदार चपलेच्या टोकाने त्याला लाथ मारत. "ह्यो खोटा बोलता," म्हणत आणि कानावरची विडी काढून पेटवत. जांभ्या दगडाच्या त्या कुंपणाशी त्यांचं जन्माचं वैर.

सरकारी मोजणीत त्यांची हयात गेली. कपाळावर दगडाची खोक, पुढचे दोन दात भाऊबंदकीत पडलेले. भाऊबंदकी दुसऱ्यांची, दात यांचे. निवृत्तीनंतरही जमीन घेणारा भेटला की हटकत, "मोजून घेतलंस?" तुमच्याही गावात असा एखादा असेलच. आपण त्याला टाळतो.

मीही टाळलं. तोंडवलीत घरासाठी जागा घेतली ती शाळासोबत्याकडून. त्याने राखणदाराला, म्हणजे जागा सांभाळणाऱ्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं की गडग्यापर्यंतची जागा आता याची. त्यानंतर मोजणी मागायची म्हणजे देवावरच संशय घ्यायचा. मोजणीदार भडकले, "राखणदार नकाशो वाचता काय रे?"

चौथऱ्यासाठी मी गडग्यालगतचे तीन माड पाडले. तासाभरात पलीकडचा शेजारी धावत आला आणि माझी गचांडी धरली.

"माझ्या बापाशीन लायलेले माड! तुका हयंच गाडतंय!"

कसाबसा सुटलो आणि मोजणीदारांना घेऊन आलो. ते सरकारी हद्दीच्या दगडापासून मोजू लागले. मी त्यांना फितवलं असं वाटून शेजारी कोयता घेऊन माझ्यावर धावला. मोजणीदारांनी मध्ये हात घातला. करंगळी तुटून मातीत पडली.

शेजारी मटकन खाली बसला. मोजणीदारांनी हाताला पंचा आवळला. मी गाडीकडे पळालो, तर ओरडले, "खंय चललंस? एकच माप रवला. टेप धर."

मी टेप धरली. पंच्यातून रक्त ठिबकत होतं. त्यांनी माप घेतलं, नकाशा पाहिला आणि धडक्या हाताने माझ्या थोबाडीत मारली.

"माड तेचे होते."

दवाखान्यात त्यांनी सांगितलं, "कोयतो माझोच. नारळ सोलताना लागलो." बाहेर बाकावर शेजारी ढसाढसा रडत होता. मला त्याच्याकडे बघायची लाज वाटली.

गेल्या वर्षी मोजणीदार वारले. शेजाऱ्याने आणि मी मिळून गडगा खऱ्या हद्दीवर रचला होता. तिथे दरवर्षी राखणदाराला नारळ ठेवतो. यंदा नारळाच्या बाजूला शेजाऱ्याने एक विडी ठेवली.

"ही नकाशो वाचणाऱ्याक," म्हणाला.