आप्पांचं धनुष्य आधी कुणी ओढायचं?

ढलप्या आणि किस्से, दोन्ही रोज झाडले तरी आमच्या शेडमध्ये पुन्हा साठतातच. शेड माझी, वेल्डिंगची. तिच्या अर्ध्या भागात शिवाप्पा सुतार, म्हणजे आमचे आप्पा, लाकडी धनुष्यं घडवतात आणि उरलेल्या वेळात सगळ्या सोलापूरवर संशय घेतात. शेड माझी असली तरी मीही संशयितांतच आहे.

* * *

आप्पा ओंडका करवतीनं कापत नाहीत. तोंडाला पाचर लावायची, वर घण घालायचा, मग लाकूड आपल्या रेषेनं उकलतं. रेष तुटली की धनुष्य तिथंच मोडतं. एक गिऱ्हाईक म्हणालं, "मशीनवर दोन मिनिटांत होईल की."

आप्पांनी त्याला चहा पाजला. तो गेल्यावर हळूच मला म्हणाले, "ह्याला कुणी धाडलाय, बघ जरा."

* * *

लाकूड येतं रझाकभाईंच्या वखारीतून. दोघांची दोस्ती तरुणपणापासूनची, विश्वास मात्र शून्य. आप्पा ओंडका ठोकतात, कान लावतात, वास घेतात. एकदा तर जिभेनं चाटला.

"अप्पा, नमक कम है क्या?" रझाकभाईंनी विचारलं.

आप्पांनी त्याच दिवशी नियम काढला. तयार धनुष्य आधी लाकूड देणाऱ्यानं ओढायचं, मोडलं तर त्याच्या तोंडावर मोडू दे. तेव्हापासून रझाकभाई तोंडाला गोणपाट गुंडाळून धनुष्य ओढतात.

* * *

आप्पांची नात सावी आजोबांच्याच धनुष्यावर तिरंदाजी शिकते. अकलूजच्या स्पर्धेआधी सरावात तिचं धनुष्य मोडलं आणि कपची डोळ्याच्या जरा खाली घुसली. आजींनी सांगून टाकलं, "आणिक एक मोडलं तर पोरीचं खेळणं बंद." सावी रडली नाही, पण जेवलीही नाही.

आप्पा तडक वखारीत. "लाकडातली गाठ लपवलीस तू."

"अप्पा, झाड क्या मैंने पैदा किया?"

बोलणं बंद झालं. दुपारचा चहा आम्ही तिघं घ्यायचो, आता दोघंच घ्यायला लागलो. मला लई वाईट वाटायचं.

* * *

मग आप्पांनी स्वतःच्या रानातली बाभूळ तोडून आणली. "घरचं लाकूड. हितं फसवाय कोण येतंय?"

घण घातला, तर आतून टण्ण. ओंडका उकलला, पोटात गंजका खिळा. बांधाच्या शेजाऱ्यावर संशय, गुराख्यावर संशय. लोखंडाचं काम करतो म्हणून माझ्यावरही.

तेवढ्यात आजी डबा घेऊन आल्या. खिळा निरखून म्हणाल्या, "तुमीच मारलाय की. तरणेपणी रझाक रानात आला की तुमची भाकरी खातुय म्हणून गठुडं ह्याच खिळ्याला उंच टांगत हुता."

आप्पा बराच वेळ घण पुसत बसले.

* * *

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "धामणीचं लाकूड हाय का, वखारीत इचारून ये. माजं नाव सांगू नको."

रझाकभाईंनी ओंडका आधीच बाजूला काढून ठेवला होता. "मेरा नाम मत ले," म्हणाले.

फोडलं, वाळवलं, तासलं. धनुष्याला दोरी चढली त्या दुपारी सावी, आजी आणि मी भिंतीला लागून उभे होतो. सावीच्या गालावरचा वण अजून दिसत होता. रझाकभाई न बोलावता आले आणि मुकाट्यानं गोणपाट गुंडाळायला लागले.

"काढ ते," आप्पा म्हणाले.

"क्यूं?"

आप्पांनी गोणपाट त्यांच्या हातातून घेऊन आजीकडं दिलं, सावीच्या तोंडापुढं धरायला. स्वतः काहीच गुंडाळलं नाही. धनुष्य उचललं आणि दोरी हळूहळू कानापर्यंत ओढली. लाकूड वाकलं, करकरलं नाही. तशीच सावकाश दोरी पुन्हा जागेवर आणली आणि धनुष्य सावीच्या हातात दिलं.

मग रझाकभाईंकडं न बघताच म्हणाले, "डबा खालीच ठिवलाय. खाऊन घे."