गल्लीभर एकच पट्टा

जळबाने एकतीस वर्षं पाणी वाचलं. सिद्धेश्वर धरणावर तो पाटबंधारे खात्याचा गेजवाला होता. भिंतीवर रंगवलेल्या मोजपट्टीवर पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं, वहीत मांडायचं आणि वर कळवायचं, एवढंच काम. उन्हाळ्यात दिवसातून एकदा, पावसाळ्यात तासातासाला. नदीवरच्या येलदरी धरणातून पाणी सुटलं की वरून फोन यायचा, मग जळबा खालच्या गावांना फोन करायचा. बोलणं मोजकंच: नाव, आकडा, वेळ. निवृत्त होऊन आता सात वर्षं झाली, तरी औंढ्याच्या बाजारात कुणी हाक मारली तर 'गेजवाले' म्हणूनच मारतं. त्याचा एकही आकडा कधी चुकला नाही असं खात्यातले लोक सांगत. तो स्वतः मात्र दोन सांगायचा, तारखांसह.

म्हणूनच गेल्या जानेवारीत बदलापुरात जे झालं ते तो अजून कुणाला नीट सांगत नाही.

मुलगी सपना तिकडे एका दवाखान्यात नर्स आहे. जावई रविंद्र कारखान्यात स्टोअर सांभाळतो. सिद्धेश्वरला येऊन ते दरवर्षी एकच सांगत, आता तुमी दोघं तिकडंच चला. अडचण गुडघ्यांची होती. सपनाचं भाड्याचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चार वर्षांमागे जळबा गेला तेव्हा त्या छत्तीस पायऱ्या चढून दोन दिवस नुसता पडून होता आणि तिसऱ्या दिवशी परत निघाला होता. या खेपेला सपनाने फोनवर सांगितलं की त्याच गल्लीत तळमजल्याचं घर विकत मिळून राहिलंय, शुक्रवारी करार आहे, त्याआधी तुमी डोळ्यांखालून घाला. जुनी इमारत आहे, मालकाने सगळी नव्याने रंगवलीय. दादाने, म्हणजे तिच्या बापाने, हो म्हटल्याशिवाय सही करायची नाही, असं तिने रविंद्रला बजावलं होतं.

जळबा आणि कमलबाई हिंगोलीहून गाडीत बसले आणि दुपार कलल्यावर कल्याणला उतरले. रविंद्र मित्राची गाडी घेऊन आला होता. मुंबई म्हणजे नुसता गलका, ही कमलबाईची समजूत वाटेतच ढिली पडली. उल्हास नदीला समांतर रस्ता, पलीकडे डोंगर, शाळेतून घरी निघालेली लेकरं, औषधांचं दुकान, पिठाची गिरणी. गल्ली उतरत उतरत नदीकडे जायची आणि जिथे संपायची तिथे बाग होती. बागेत घसरगुंड्या, झोके, म्हाताऱ्यांना बसायला बाकं, आणि खाली नदीत उतरणारा दगडी घाट. संध्याकाळी सगळी गल्ली तिथे होती. कमलबाई म्हणाली, जत्रा भरलीय पण भांडण कुठंच न्हाई.

जळबाला मात्र भिंती आवडल्या.

गल्लीतल्या जवळजवळ प्रत्येक घराला खालून तांबूस तपकिरी पट्टा होता. घरांना, कुंपणाला, बागेच्या भिंतीला, नारळाच्या बुंध्यांनासुद्धा. सिद्धेश्वरच्या बाजूला चिखल उडून भिंत खराब होऊ नये म्हणून घराला खालून गेरूचा किंवा तेलरंगाचा पट्टा मारतात. रस्त्याकडेच्या झाडांना गेरू आणि चुना लावतात. पण तिकडे प्रत्येकाचा रंग वेगळा, उंची वेगळी. इथे गल्लीभर एकच रंग.

त्या रात्री जेवताना तो म्हणाला, "लोकं शिस्तीचे हायेत इथले. अख्ख्या गल्लीनं एकच पट्टा मारला. आपल्याकडं दोन भावांचं एका रंगावर जमत न्हाई."

सपनाने रविंद्रकडे बघितलं. रविंद्र ताटाकडे बघत म्हणाला, "व्हय मामा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घर पाहिलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे तुळशीपुरती जागा. दारातून रस्त्यावर यायला दोन पायऱ्या. जळबाने भिंती ठोकून बघितल्या, नळ सोडून बघितले, फरशीवर अनवाणी चालून बघितलं. नवीन रंगाचा वास होता. विजेची बटणं त्याच्या डोक्याच्याही वर होती, हात पुरा उंचावल्याशिवाय पोचत नव्हता. त्याने मालकाला कारण विचारलं. मालक म्हणाला, लहान मुलं असतात घरात. जळबाला तेही पटलं. मीटरांची पेटी जिन्याने अर्ध्यावर चढून पहिल्या वळणाला बसवली होती. तिलाही त्याने तेच कारण लावलं.

खाट कुठे ठेवायची ते त्याने ठरवलं. खिडकीखाली, म्हणजे पडल्या पडल्या नदीकडची हवा लागेल. बाबासाहेबांचा फोटो समोरच्या भिंतीवर. कमलबाईने ओट्याची उंची पारखली आणि पुरे म्हणाली. जळबाने जावयाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "करा सही. चांगलं हाये."

एकतीस वर्षं पाणी वाचलेला माणूस त्या खोलीत अर्धा तास उभा होता, आणि त्याला काही दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, सपना रात्रीच्या ड्यूटीवरून उशिरा येणार होती. दुधाची पिशवी आणायला जळबा सकाळी एकटाच खाली उतरला. दुकान गल्लीच्या वरच्या तोंडाला. दूध घेऊन वळताना त्याची नजर दुकानाच्या पायरीवर गेली. पट्टा तिथेही होता, पण जेमतेम चार बोटं. त्याला हसू आलं, गल्लीच्या टोकाला येईस्तोवर रंग सरला असेल. मग तो उताराने खाली चालू लागला. औषधांच्या दुकानाशी पट्टा गुडघ्याला आला. गिरणीशी मांडीला. सपनाच्या इमारतीशी कंबरेला. नव्या घराच्या भिंतीवर काहीच नव्हतं, तिला ताजा रंग होता. पण तिला लागून असलेल्या कुंपणावर तो बरगडीशी होता. बागेच्या दारात छातीला.

रंगारी पट्टा जमिनीपासून मोजतो. तीन फूट म्हणजे तीन फूट, रस्ता चढो की उतरो. त्याची दोरी उताराबरोबर उतरते.

जळबा बागेच्या भिंतीशी खाली बसला, गुडघे कुरकुरले तरी बसला, एक डोळा मिटला आणि पट्ट्याच्या वरच्या कडेवरून गल्लीकडे बघितलं. धरणावर मोजपट्टी नव्याने रंगवली की ती सरळ आहे का हे तो असंच बघायचा. कड सरळ होती. बागेपासून दुधाच्या दुकानाच्या पायरीपर्यंत, ताणलेल्या सुतळीसारखी. जमीन तिच्याखाली चढत जात होती, घरं मागेपुढे होती, कुंपणं तुटलेली होती, झाडं मध्ये आली होती. कड हलत नव्हती.

इतकी सरळ रेघ माणूस मारत नाही. पाणी मारतं.

त्याला उठता येईना. शेजारच्या घसरगुंडीच्या लोखंडी खांबांवरही तीच खूण होती, लेकरं ज्या फळीवर उभी राहून घसरतात तिच्यापेक्षा वीतभर खाली. काल संध्याकाळी त्याने ही घसरगुंडी बघितली होती. परवाही. धरणावरच्या दगडात पाणी उतरलं की पांढरी रेघ राहायची. ही तपकिरी होती, गाळाची आणि तेलाची. पण न ओळखण्याचं खरं कारण ते नव्हतं. पाणी जिथे छातीपर्यंत येतं तिथे लोक बाग करत नाहीत, बाळगाड्या घेऊन फिरत नाहीत, असं त्याने धरूनच चाललं होतं. डोळ्यांनी वाचलं होतं आणि डोक्याने खोडून टाकलं होतं. खात्यात असता आणि हाताखालच्या माणसाने हे केलं असतं, तर त्याने दुसऱ्या दिवशी त्याला गेजवर उभं केलं नसतं.

बागेच्या दाराशी नीलाबाई नावाची बाई उकडलेल्या शेंगा विकायची. तिने त्याला हात देऊन बाकावर बसवलं. भिंतीकडे बोट करून जळबाने विचारलं, ही कधीची.

"ही मागच्याच्या मागच्या वर्षाची," नीलाबाई म्हणाली. "ही लहान. मोठ्या पुराची खूण वर होती, ती रंगात गेली."

ती हे शेंगांचा भाव सांगावा तसं म्हणाली. पाव्हणे नेहमी विचारतात, रंग कुणी मारला म्हणून, असंही तिने सांगितलं. पाणी चढतंय हे कसं कळतं, असं त्याने विचारलं. मोबाईलवर येतं, ती म्हणाली, आणि नाही आलं तर घाटाच्या पायऱ्या दिसतातच की.

जळबा घाटाच्या पायऱ्या मोजत बसला. चौदा दिसत होत्या. पिशवीतलं दूध कोमट झालं तेव्हा तो उठला.

छत्तीस पायऱ्या तो न थांबता चढला. सपना नुकतीच आली होती, अजून ड्रेसवरच होती. रविंद्र कामावर निघायच्या तयारीत होता. जळबाने दूध ओट्यावर ठेवलं.

"तो पट्टा पाण्याचा हाये," तो म्हणाला.

"व्हय," सपना म्हणाली.

त्याला वाटलं होतं ती दचकेल. आपल्याला आता लेकीला घाबरवावं लागणार, याचीच तयारी तो जिन्यात करत आला होता.

"तुला ठाव होतं?"

"मी गेजवाल्याची लेक हाये, दादा. इथं आले त्याच दिवशी वाचला होता."

"मंग काहून बोलली न्हाईस?"

सपना खुर्चीवर बसली. तुमी पट्ट्याचं कौतुक करून राहिले होते, ती म्हणाली, तवा मला वाटलं तुमी जाणून बोलताय, आम्हाला संकोच नको म्हणून. मग घरात गेल्यावर कळलं की तुमाला खरंच दिसलं न्हाई. मंग तुमाला कसं सांगावं ते कळेना. मग ती म्हणाली, "पाणी दोन दिवसांचं असतंय. जिना रोजचा. तुमच्या गुडघ्यांसाठी घेऊन राहिलो आमी ते."

बाकीचं रविंद्रने सांगितलं. इथे सगळे असेच राहतात. वरच्या मजल्यावरचे शेजारी ओळखीचे आहेत. पाणी येतंय कळलं की गाद्या, कागदपत्रं, गॅसची टाकी वर न्यायची. बटणं वर आहेत, मीटर वर आहे. तासाभरात घर रिकामं होतं.

"ह्यायला भाकरीवरून उठायला तास लागतो," कमलबाई आतून म्हणाली. "घर रिकामं करून राहिलेत."

जळबाने एकच विचारलं. तास मिळतोच, हे कुणी सांगितलं. सिद्धेश्वरला वरचा फोन आल्यावर त्याला सहा तास मिळायचे, तरी एका वर्षी खालच्या वस्तीतली दोन जनावरं दावणीलाच राहिली होती. इथे फोन करणारा कोण आहे, त्याचं नाव काय? रविंद्रकडे नाव नव्हतं. सपनाकडेही नव्हतं.

तळमजल्याच्या त्या घराच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं एक घर विकायचं होतं, हे जळबाला काल मालकाच्या बोलण्यात कळलं होतं. जिन्यामुळे ते यांनी बघितलंही नव्हतं. चला, तो जावयाला म्हणाला. रविंद्रने कामाला उशीर होईल म्हणून सांगून बघितलं, मग चप्पल घातली. सपना मागून आली.

चोपन्न पायऱ्या होत्या. पहिल्या वळणावर मीटरांच्या पेटीला हात लावून तो थांबला. दुसऱ्या मजल्यावर बसला. सपना म्हणाली बास, तो उठला. शेवटचा जिना त्याने कठड्याला दोन्ही हातांनी धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढला. वर पोचला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"हे घ्या," तो म्हणाला. "खालचं न्हाई."

"कोंडून पडाल वरती," सपना म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "महिना महिना खाली उतरणं व्हायचं न्हाई तुमाला."

"एकतीस वर्षं वरूनच पाह्यली मी नदी."

शुक्रवारी करार झाला तो तिसऱ्या मजल्याचा. मालकाला कारण विचारावंसं वाटलं नाही, किंवा त्याला माहीत होतं.

दिवाळीनंतर दोघं कायमची जायची आहेत. हा पावसाळा जळबा सिद्धेश्वरलाच आहे. सकाळी सात वाजता तो सपनाला फोन करतो. ती खिडकीतून घाटाकडे बघते आणि दिसणाऱ्या पायऱ्या सांगते. जास्त बोलणं नसतं. तो आकडा जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर लिहितो. सपना एकदा चिडून म्हणाली की आपण आता वर राहतो, आपल्याला काय करायचंय. त्याने आकडाच पुन्हा विचारला.

उत्तर जूनच्या शेवटी मिळालं. तळमजल्याचं घर पंधरा दिवसांत विकलं गेलं होतं. औशाकडचं कुटुंब, नवरा बायको, एक लेकरू आणि म्हातारी आई. आईचे गुडघे दुखतात म्हणून तळमजला घेतला. सपनाने बोलता बोलता सांगितलं. जळबा म्हणाला, त्यायचा नंबर दे.

पहिल्या फोनला त्या माणसाने दोनदा विचारलं, कोण बोलतंय, कुठून बोलताय. जळबाने नाव सांगितलं, सिद्धेश्वर सांगितलं, आणि गल्लीतल्या भिंतींवरचा पट्टा कशाचा आहे ते सांगितलं. मग तो माणूस म्हणाला, "काका, आई तर म्हणत होती, लोक किती टापटिपीचे आहेत इथले."

"माझंबी तेच झालं होतं," जळबा म्हणाला. "आज अकरा पायऱ्या हायेत. सातवर आल्या की आईला वर न्या. वाट पाहू नका."